फिरत्या तबकडीचा जनक : एमिल बर्लिनर

गेल्या वर्षी एका दिवंगत शिक्षकांच्या कुटुंबीयांनी आपल्या महाविद्यालयाच्या संगीत मंडळाला त्यांच्या संग्रहातील ध्वनिमुद्रिका भेट दिल्या. त्यात जुन्या, जाडजूड, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या होत्या आणि नंतरच्या काळातल्या लवचीक एल.पी.ही होत्या. त्या पुसून, याद्या करून कपाटात लावण्याचे काम माझ्याकडे आले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही आणि घरी रेकॉर्डही कधी नव्हती. त्यामुळे तबकडी हातात कशी धरायची इथपासून मला शिकावे लागले.

मंडळाच्या पहिल्या बैठकीसाठी आम्ही ओळखीतून एक स्वस्तातले, पेटीसारखे यंत्र आणले होते. झाकणाला दिवे, आतच ध्वनिवर्धक, दिसायला मोठे देखणे. मी एक एल.पी. लावली. गाणाऱ्या बाईंचा षड्ज हेलकावे खाऊ लागला. मी मनात म्हटले, एवढे नाव असलेल्या गायिका, आणि सूर असा कसा? इतक्यात सुई घसरली आणि तबकडीवर आडवा ओरखडा उमटला. दोष बाईंचा नव्हता, यंत्राचा होता. आणि घाई माझी होती. फाटलेले पुस्तक चिकटवता येते, पण रेकॉर्डवरची खाच एकदा कापली गेली की ती सांधता येत नाही. आमच्या सरांनी रागावण्याऐवजी मला एवढेच सांगितले, की चांगले यंत्र विकत घेऊ, पण आधी चांगले म्हणजे काय ते शोधून काढ. त्या शोधात मला एमिल बर्लिनर भेटले.

ध्वनिमुद्रण म्हटले की आपण एडिसनचे नाव घेतो, आणि ते योग्यच आहे. पण सपाट तबकडी, ती फिरवणारी चकती आणि 'ग्रामोफोन' हा शब्द ही तिन्ही बर्लिनर यांची देणगी. त्यांचे नाव मला दुसऱ्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. बहुतेक वाचकांचीही तीच स्थिती असेल असे वाटते, म्हणून हा लेखप्रपंच.

जर्मनीतील हॅनोव्हर या गावी २० मे १८५१ रोजी एका ज्यू कुटुंबात एमिल यांचा जन्म झाला. वडील सॅम्युएल व्यापारी आणि धर्मग्रंथांचे जाणकार होते. आई सारा हिला संगीताची आवड होती. घरात भावंडांचा मोठा गोतावळा. व्यापारातली मिळकत खाणाऱ्या तोंडांना पुरी पडणे कठीणच. चौदाव्या वर्षी एमिल यांचे शालेय शिक्षण संपले ते कायमचे. छापखान्यात उमेदवारी, मग कापडाच्या दुकानात कारकुनी असे दिवस सुरू झाले. दुकानात बसल्या बसल्या कापड विणले कसे जाते याचा विचार करून त्यांनी मागाची एक नवी रचनाही मनाशी जुळवली. वडिलांना या उद्योगाचे फारसे कौतुक वाटले नाही म्हणतात. मुलाने नोकरीकडे लक्ष द्यावे ही अपेक्षा. ती सगळ्याच घरांत असते.

१८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्धाचे ढग जमले होते. त्याच वर्षी, एकोणिसाव्या वर्षात, एमिल जहाजाने अमेरिकेला गेले. घराच्या ओळखीच्या एका गृहस्थांचे वॉशिंग्टनमध्ये दुकान होते, तिथे त्यांना काम मिळाले. तीन वर्षांनी ते न्यूयॉर्कला आले. मिळेल ते काम केले. सरस विकला, छायाचित्रांची रंगकामे केली, जर्मन भाषेच्या शिकवण्या केल्या. एका रसायनशाळेत तर बाटल्या धुण्याचे आणि झाडलोटीचे काम पत्करले. मात्र रात्री ते कूपर इन्स्टिट्यूटमध्ये जात. पीटर कूपर नावाच्या, स्वतः फारसे शिकायला न मिळालेल्या कारखानदाराने कष्टकऱ्यांसाठी काढलेली ही संस्था. तिथे रात्रीचे वर्ग विनामूल्य चालत. ओळखीच्या एका औषधविक्रेत्याने त्यांना पदार्थविज्ञानाचे एक जर्मन पुस्तक दिले. शाळा सुटून दहा वर्षे होत आलेल्या त्या तरुणाने ते पुस्तक पुन्हापुन्हा वाचले. बर्लिनर यांची पदवी म्हणायची तर ती एवढीच.

१८७६ साली अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी दूरध्वनी जगापुढे आणला. ऐकू येई, पण आवाज फार क्षीण येई. त्या वेळी बर्लिनर पुन्हा वॉशिंग्टनच्या दुकानात कारकून होते आणि मोकळ्या वेळात तारायंत्र शिकत होते. तारायंत्रावरच्या एका ओळखीच्या माणसाने त्यांना सांगितले की कळ नीट दाबून धरावी, कारण दाब वाढला की विजेचा प्रवाह जास्त जातो. हे वाक्य शेकडो उमेदवारांनी ऐकले असेल. बर्लिनर यांनी मात्र त्यावर विचार केला. दाबाने प्रवाह कमीजास्त होत असेल, तर आवाजाच्या लहरींनी तो दाब का देऊ नये? मुलांच्या खेळण्यातला ढोल, एक सुई, कपड्याचे पोलादी बटण आणि गिटारची तार एवढ्या सामग्रीतून त्यांनी आपले ध्वनिग्राहक यंत्र तयार केले आणि १८७७ च्या एप्रिलमध्ये त्याची सरकारदरबारी नोंद केली. पुढच्याच वर्षी बेल कंपनीने त्यांना नोकरीत घेतले. त्यांच्या पेटंटावरून पुढे अनेक वर्षे कोर्टकज्जे चालले आणि अखेरीस निकाल त्यांच्या बाजूने राहिला नाही. परंतु कारकुनाचा संशोधक झाला तो या यंत्राने.

१८८१ साली ते अमेरिकेचे नागरिक झाले, त्याच वर्षी कोरा ॲडलर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. काही वर्षांनी त्यांनी बेल कंपनीची नोकरी सोडली आणि वॉशिंग्टनमध्ये घरीच प्रयोगशाळा थाटली. आता त्यांच्यापुढे प्रश्न होता आवाज साठवण्याचा.

एडिसन यांनी १८७७ साली फोनोग्राफ तयार केला होता. त्यात आवाज एका नळकांड्यावर उमटे, आणि सुई खाचेत वरखाली होई. त्यात दोन अडचणी होत्या. एक म्हणजे खाचेची खोली सतत बदलत असल्याने आवाज क्षीण आणि विकृत होई. दुसरी म्हणजे नळकांड्याच्या प्रती काढणे अवघड होते. गायकाला तेच गाणे पुन्हापुन्हा गावे लागे, एका वेळी समोर अनेक यंत्रे मांडून.

बर्लिनर यांनी मागे वळून एका जुन्या यंत्राकडे पाहिले. १८५७ साली लेऑं स्कॉट या फ्रेंच माणसाने आवाजाच्या लहरी काजळी धरलेल्या कागदावर रेखाटून दाखवल्या होत्या. त्या रेषा आडव्या, नागमोडी होत्या. त्यातून आवाज पुन्हा निघत नसे; तो केवळ आवाजाचा नकाशा होता. ही नागमोडी रेघ धातूत कोरली तर सुई तिच्यावरून चालेल, असे बर्लिनर यांना सुचले. आणि रेघ सपाट तबकडीवर असली तर तिचा ठसाही घेता येईल. छापखान्यातली उमेदवारी इथे उपयोगी पडली असे मला वाटते. ८ नोव्हेंबर १८८७ रोजी त्यांना पेटंट मिळाले. यंत्राचे नाव ग्रामोफोन. १६ मे १८८८ रोजी फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी त्याचे प्रात्यक्षिक दाखवले.

कृती अशी होती. जस्ताच्या तबकडीवर मेणाचा अगदी पातळ थर द्यायचा. आवाजाने थरथरणारी सुई त्या थरातून नागमोडी रेघ ओढत जाई. मग तबकडी आम्लात बुडवायची. मेण निघाले तेवढ्याच जागी आम्ल जस्त खाई आणि खाच तयार होई. या तबकडीवरून विजेच्या साह्याने धातूचा उलटा साचा करायचा आणि साच्याखाली दाबून हव्या तेवढ्या प्रती काढायच्या. गायकाने एकदा गायचे, ऐकणारे हजारो. शिवाय खाचेची खोली सारखी असल्याने सुईला ती खाचच आत आत नेई. तिला सरकवण्यासाठी वेगळा स्क्रू लागत नसे. आज आपण जी एल.पी. लावतो तिचीही सुई खाचेच्याच बोटाला धरून आत जाते. तत्त्व तेच राहिले आहे.

परंतु यंत्राचे नशीब लगेच उघडले नाही. १८८९ च्या सुमारास बर्लिनर जर्मनीत गेले असता तिथल्या एका बाहुल्या करणाऱ्या कारखान्याने ग्रामोफोन खेळणे म्हणून बाजारात आणला. तबकडी अवघी पाच इंचांची, आणि ती हाताने दांडा फिरवून वाजवायची! खरी गोम इथेच होती. ऐकणाऱ्याने मिनिटाला सत्तरच्या आसपास फेरे द्यावेत अशी अपेक्षा असे. पण हात म्हणजे हात. तो कधी भराभर चाले, कधी दमे, आणि गाणे त्याच्याबरोबर वर चढे नाहीतर खाली बसे.

याचे गणित सरांनी मला पेटीवर दाखवले. तबकडीचा वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढला की सगळे स्वर एका घराने वर सरकतात. काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो. वेग सतत कमीजास्त होत असेल तर स्वर हेलकावतो. आमच्या बैठकीत हलला तो बाईंचा षड्ज नव्हताच. बर्लिनर यांना १८९० च्या आसपास जी अडचण छळत होती, तीच आमच्या देखण्या पेटीत लपली होती.

ही अडचण बर्लिनर यांना एकट्याने सुटली नाही. १८९६ साली फिलाडेल्फियाच्या नदीपलीकडे, कॅम्डेन गावात छोटा यंत्रकारखाना चालवणाऱ्या एल्ड्रिज जॉन्सन यांच्याकडे हे काम आले. हा मुलगा कॉलेजात जाण्याच्या लायकीचा नाही, असे ठरवून शिक्षकांनी त्यांना कारागिरीला धाडले होते. ग्रामोफोन पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यांना तो घसा बसलेल्या पोपटासारखा वाटला. पण ते यंत्राच्या प्रेमात पडले. त्यांनी चावीने चालणारी, वेग आवरून धरणारी स्प्रिंगची मोटर तयार केली. चावी दिली की तबकडी एका चालीने फिरू लागली. खेळण्याचे वाद्य झाले ते या दिवशी. शाळा चौदाव्या वर्षी सुटलेला एक माणूस आणि कॉलेजला नालायक ठरवलेला दुसरा, या दोघांनी मिळून घराघरांत गाणे नेले, हे वाचताना मला माझ्या परीने धीर आला.

याच सुमारास तबकडीचा पदार्थही बदलला. आधी कठीण रबर वापरीत. ते नीट बसत नसे. बटणे करणाऱ्या एका कारखान्याकडून शेलॅकची युक्ती मिळाली. शेलॅक म्हणजे आपली लाख. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरचे किडे ती तयार करतात, आणि तिचे मोठे उत्पादन छोटा नागपूरच्या जंगलपट्ट्यात होई. म्हणजे ज्या लाखेच्या बांगड्या आपल्याकडे बायका हातात घालतात, तिच्यातच दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून जगाचे गाणे छापले गेले.

यश आले तसे भांडणही आले. विक्रीची जबाबदारी घेतलेल्या भागीदाराशी वितुष्ट येऊन प्रकरण न्यायालयात गेले, आणि १९०० साली बर्लिनर यांना स्वतःच्या देशात स्वतःचा ग्रामोफोन विकण्यास मनाई झाली. ते कॅनडात माँट्रियलला गेले आणि तिथे कारखाना काढला. अमेरिकेत जॉन्सन यांनी १९०१ मध्ये व्हिक्टर कंपनी स्थापन केली. तीत बर्लिनर यांचाही वाटा होता. पण 'ग्रामोफोन' हा शब्द तिथल्या बोलण्यातून हळूहळू नाहीसा झाला. तो टिकला इंग्लंडात आणि आपल्याकडे. कर्ण्यापुढे कान देऊन बसलेल्या कुत्र्याचे चित्र आपल्या आजोबांच्या पिढीला पाठ होते. फ्रान्सिस बारो या चित्रकाराने त्यात आधी एडिसनच्या धर्तीचे नळकांड्याचे यंत्र काढले होते; १८९९ मध्ये लंडनच्या ग्रामोफोन कंपनीसाठी त्याने त्यावर ग्रामोफोन रंगवला. अमेरिकेत १९०० साली हे बोधचिन्ह नोंदवून घेतले ते बर्लिनर यांनीच.

बर्लिनर यांच्याकडे वॉशिंग्टनमध्ये फ्रेड गैसबर्ग नावाचा एक मुलगा पियानो वाजवायला आणि गायक शोधून आणायला असे. हाच गैसबर्ग पुढे लंडनला गेला आणि १९०२ साली कलकत्त्याला उतरला. गौहरजान यांचे गाणे त्याने तिथे मुद्रित केले. मुद्रणे छापण्यासाठी बर्लिनर यांच्या जन्मगावी, हॅनोव्हरला जात, कारण तबकड्यांचा कारखाना तिथे होता. १९०८ पासून कलकत्त्यातच तबकड्या दाबल्या जाऊ लागल्या. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे मिळत. तासभर राग मांडणाऱ्यांना तेवढ्यात सारे सांगावे लागे. तरीही १९३७ साली निवर्तलेले अब्दुल करीम खाँ आज आपल्याला ऐकता येतात ते त्या तीन मिनिटांमुळे. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले आणि अल्लादिया खाँ १९४६ साली. त्यांची तबकडी नाही. त्यांच्या गाण्याबद्दल आपण वाचतो, शिष्यांकडून ऐकतो. पण तो आवाज मात्र गेला. कपाटातल्या त्या वजनदार तबकड्यांकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने पाहू लागले.

बर्लिनर यांचे उत्तरायुष्य मला त्यांच्या यंत्राइतकेच मोठे वाटते. १९०० च्या सुमारास त्यांची तान्ही मुलगी पोटाच्या विकाराने अत्यवस्थ झाली. कारण शोधता शोधता ते दुधापर्यंत पोहोचले. आपल्याकडे दूध तापवल्याशिवाय मुलाला देत नाहीत. तिथे मात्र कच्चे दूध देण्याची रीत होती आणि त्यातून रोगजंतू पसरत. १९०१ मध्ये त्यांनी रोगप्रतिबंधासाठी संस्था काढली. पुढची अनेक वर्षे त्यांनी व्याख्याने, पत्रके, वर्तमानपत्रातील मजकूर यांवर आपला वेळ आणि पैसा खर्च केला. मुलांना स्वच्छतेचे धडे देणाऱ्या कविताही लिहिल्या. १९०८ च्या सुमारास त्यांनी आईच्या नावाने एक शिष्यवृत्ती ठेवली. ती विज्ञानात संशोधन करणाऱ्या स्त्रियांसाठी होती. तेव्हा अमेरिकेतही मुलींना प्रयोगशाळेचे दार सहज उघडत नसे. ज्या माणसाला स्वतःला शिकायला मिळाले नाही, त्याने ते दार दुसऱ्यांसाठी उघडले. हे वाचले त्या दिवशी मी घरी जाऊन आईला सारा बर्लिनरची गोष्ट सांगितली.

३ ऑगस्ट १९२९ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, वॉशिंग्टनमध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या अंत्यविधीचा थाटमाट करू नये, तो पैसा तान्ही मुले असलेल्या गरीब आयांना द्यावा आणि सूर्यास्ताच्या सुमारास आपल्याला मातीआड करावे, अशी त्यांची इच्छा होती.

त्यानंतर तबकडी पुष्कळ बदलली. १९४८ मध्ये लाखेच्या जागी व्हिनाइल आले आणि फेरे मिनिटाला ३३⅓ झाले. पुढे कॅसेट, सीडी आल्या आणि तबकडी संपली असे सर्वांनी धरले. तरी ती परतली. २०२२ साली अमेरिकेत सीडींपेक्षा व्हिनाइलच्या तबकड्या अधिक विकल्या गेल्या.

आता आमच्या यंत्राविषयी. बर्लिनर वाचून झाल्यावर दुकानात काय पाहायचे ते मला कळले. चकती वजनदार हवी, म्हणजे कुंभाराच्या चाकाप्रमाणे ती एकदा घेतलेली गती सोडत नाही. मोटरची थरथर सुईपर्यंत पोहोचू नये. म्हणून पट्ट्याने फिरणारी किंवा नीट बांधणीची थेट मोटरची चकती घ्यावी. सुईच्या दांड्यामागे सरकते वजन हवे, म्हणजे एल.पी.वर दीड-दोन ग्रॅमच भार ठेवता येतो. स्वस्तातल्या पेट्यांत तो त्याच्या दुप्पट-तिप्पट असतो आणि दर वेळी खाच झिजवतो. आमच्याकडे लाखेच्या तबकड्या असल्याने ७८ चा वेगही हवा, आणि त्यांच्यासाठी जाड टोकाची वेगळी सुई हवी. दुकानात आम्ही जुन्या तबकडीवर कागदाचा एक कपटा चिकटवला आणि घड्याळ लावून फेरे मोजले. ३३⅓ ला तीन मिनिटांत बरोबर शंभर भरले पाहिजेत. पहिल्या यंत्राचे एकशेतीन भरले. दुसऱ्याचे शंभर. दुसऱ्याला दिवे नव्हते, ध्वनिवर्धक नव्हता, रंग काळा. आम्ही तेच घेतले.

त्या संध्याकाळी आम्ही ओरखडा पडलेली तीच एल.पी. लावली. जिथे मी सुई घसरवली होती तिथे दर फेऱ्याला टक् असा आवाज येतो आणि यापुढेही येत राहील. पण बाईंचा षड्ज जागच्या जागी होता. आपले काही न मिसळता दुसऱ्याचा सूर जसाच्या तसा पुढे देणे, एवढेच चांगल्या यंत्राचे काम. बर्लिनर यांनी आयुष्यभर तेच केले. म्हणूनच कदाचित आपल्याला गाणारे आठवतात आणि बर्लिनर आठवत नाहीत. निदान आपल्या मंडळाच्या कपाटापाशी तरी त्यांची आठवण राहावी, म्हणून यादीच्या वहीच्या पहिल्या पानावर मी त्यांचे नाव लिहून ठेवले आहे.